काकीचं फूल

आमचे काका सकाळी चहाच्याही आधी एका फुलाला शिव्या घालतात.

फूल म्हणजे अ‍ॅनिमोन. समुद्रातला प्राणीच तो. किन्हवलीहून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो, पण काकांच्या ओटीवर खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी आहे. त्यातले प्रवाळ काकांचे. फूल काकीचं. काकी समुद्राकाठच्या केळव्याची. प्रवाळ ठेवाल तिथे राहतात; फूल मात्र सरकत फिरतं आणि ज्याला टेकेल त्याला चटका देतं.

"परत सरकली भवानी. माझा जांभळा प्रवाळ जाळला. उद्या कालवणात घालतो तुला."

काकी तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "तुमचे दगड घ्या बाजूला. तिला कुठं बसायचं ते आपण नाय सांगायचं."

काकांनी एकही दगड कधी हलवला नाही. उलट रागवायला माणसं शोधली. वीज गेली की वायरमन. काचेवर टिचकी मारणारा पाहुणा. पेटीतलं पाणी कमी झालं म्हणून जावयाने प्रेमाने मिठाचं पाणी ओतलं, तर त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं, "पाणी उडतं रे, मीठ नाय उडत. कुठल्या शाळेत होतास?"

मग काकी गेली. दहाव्याला काकांची थोरली बहीण देवघरातला गंगेचा गडू घेऊन ओटीवर आली. तांब्याचा, वर्षानुवर्षं तोंड झाळून बंद ठेवलेला. भावजयीचा जीव त्या फुलात होता, दोन थेंब त्यालाही, म्हणून तिने तो फोडला. काकांनी गडू हिसकावून अंगणात भिरकावला.

"तांबं उतरलंय त्यात, विषच ते हिला. हिलापण मारता?"

बहीण न जेवता गेली. मीही गेलो. सुतकाच्या घरात गंगा मातीत सांडणारा आणि डोळ्यांतून टिपूस न काढणारा हा माणूस मला त्या दिवशी सहन झाला नाही. राग महिनाभर पुरला. तो बोलून टाकायलाच परत गेलो.

पेटी ओकीबोकी होती. प्रवाळ एकही नाही. मधोमध, जांभळ्याच्या जागी, फूल पसरून बसलेलं.

प्रवाळ कुठे गेले, विचारलं.

"दिले शहापूरच्या दुकानदाराला."

"सगळे?"

"तुला काय करायचंय? फिरू दे तिला. बसंल तिथं बसंल."

काका काचेकडे वळले आणि फुलाला शिव्या देऊ लागले, पण हळू आवाजात, आत कुणी निजलं असावं तशा.