उसनं बोट

चाळीस वर्षांच्या शिंपीकामात मास्तरांच्या बोटांना सुई किती वेळा टोचली असेल, याची गणती नव्हती. पण ती आपली सुई, आपल्याच चुकीने टोचलेली. दुसऱ्या कुणी सांगूनसवरून टोचायची म्हटलं की ते हात पाठीमागे लपवायचे. आणि नेमकी त्यांची लेक दवाखान्यातलं काडेपेटीएवढं यंत्र घेऊन भर दुपारी दुकानात हजर झाली. नखाएवढ्या चकतीवर रक्ताचा एक थेंब सोडायचा, की दहा मिनिटांत दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक. तांबडा म्हणजे मधुमेह उंबऱ्याशी आलाय, आत्ताच सावध व्हा.

मास्तरांनी आधी गिऱ्हाइकाचं कारण सांगितलं, मग अर्धवट शिवलेल्या कोटाचं. शेवटी "माझं मी टोचून घेतो" म्हणत तिला दाराबाहेर धाडलं आणि कोपऱ्यात इस्त्री करणाऱ्या आपल्या जुन्या जोडीदाराचं बोट पुढे ओढलं. गडी चांगला धट्टाकट्टा. त्याने थेंब दिला, बोट चोखलं आणि पुन्हा इस्त्री उचलली.

दिवा तांबडा लागला.

लेकीचे डोळे भरून आले. तिच्या आईने मात्र कंबर कसली. चहा बिनसाखरेचा, डब्यात उकडलेल्या भाज्या आणि पहाटे तासभर फिरणं. मास्तरांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यातून घरातलं गोड वाया कशाला घालवायचं, म्हणून बाईंनी त्यांच्या वाटणीची बिस्किटं इस्त्रीवाल्याला पाठवायला सुरुवात केली. म्हणजे धडधाकट माणूस उपाशी आणि ज्याने जपायचं तो दिवसाला पाच कप गोड चहा रिचवतोय.

मास्तरांनी त्याला समजावून पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "दिवा तुमच्या नावाने लागलाय ना? मग दुखणं माझं कसं?"

पंधराव्या दिवशी त्याने मिटक्या मारत सहावं बिस्किट उचललं, तेव्हा मास्तरांना राहवेना. आपल्या भित्रेपणापायी जन्माचा सोबती खड्ड्यात चाललाय, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी त्याच्या पुढची बशी ओढली, त्याला हाताला धरून घरी नेलं आणि मायलेकींसमोर सगळं कबूल केलं.

लेकीने आधी इस्त्रीवाल्याला नीट समजावलं, की ही सुरुवातच आहे, आत्ता आवरलं तर आवरेल. मग ती बापाकडे वळली. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले.

"टोच एकदाची."

"कधीच टोचलं, बाबा."

दहा मिनिटांनी दिवा हिरवा लागला. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी साखरेच्या डब्याकडे हात नेला, तोच बाईंनी डबा उचलला. "पंधरा दिवस माझं ऐकलंत, म्हणून हिरवा लागला."

"अगं, मला काही झालंच नव्हतं." मास्तरांनी न्यायासाठी लेकीकडे पाहिलं.

"नसेलही झालं," लेक म्हणाली. "पण ते ठरवायला तेव्हाचा तुमचा थेंब हवा. तो कुठाय?"

बाईंनी बिनसाखरेच्या चहाचे दोन कप पुढ्यात ठेवले. इस्त्रीवाल्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मास्तर," तो म्हणाला, "पुढच्या वेळी बोट तुमचं तुम्हीच द्या."