माहेर काढायचं नाही

मी चौथीत शाळा सोडली, पण भांडण कसं मिटवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. येडगावात दोन भावांचा बांध, तीन जावांची वाटणी आणि एका लग्नातला मानपान मी बसल्या जागी मिटवलाय. मग वाद आमच्याच घरात पेटला, तर मी काय बघत बसू?

वाद माझ्या परसातल्या चुलीचा. माझ्या पोरानं, संपतनं, कांदे मंचरला न्यायला पिकअप घेतली. ती उभी करायला चूल पाडतो म्हणाला. मी म्हटलं, आधी मला पाड. आठ दिवस घरात माणसं कमी आणि भांडी जास्त बोलत होती. शेवटी मीच सांगितलं, "चर्चा ठेवू. रीतसर. हरेल त्यानं निमूट ऐकायचं."

नात श्रेया कॉलेजात वादविवाद स्पर्धेत बोलते. तिला वही देऊन पंच बसवली. नियम मी सांगितले. एका वेळी एकानं बोलायचं, मधे तोंड घालायचं नाही. प्रत्येकाला कुकरच्या दोन शिट्ट्या; दुसरी झाली की बसायचं. आणि दुसऱ्याचं माहेर काढायचं नाही, काढलं की हरला. हा शेवटचा खास सुनेसाठी, अश्विनीसाठी. रागावली की ती माझ्या भावांच्या सात पिढ्यांची यादी वाचते.

आधी मी उठले. "संपत, ही चूल तुझ्या बापानं लिंपली..."

शिट्टी.

"हिच्यावर शिजलेलं खाऊन तू..."

दुसरी शिट्टी. बघते तर गॅस भडकलेला आणि बटणावर सूनबाईचा हात.

मग संपतच्या बाजूनं अश्विनी बोलायला लागली. धूर, खोकला, गाडीला लागणारं ऊन. गॅस मात्र अगरबत्तीएवढा. कुकर समाधी लावून बसला.

"श्रेये, हिचं किती झालं?"

"आजी, शिट्टी झाली नाही. आणि तुम्ही मधे बोलताय."

सूनबाई लई गोड आवाजात म्हणाली, "आणि आत्याबाई, भाकरीचं म्हणाल, तर पिंपळवंडीला माझी आई गॅसवरच करते. टम्म फुगते. चुलीवरच्या भाकरीला ती सर नाय."

मी तीन श्वास गप्प राहिले. देवाशप्पथ. चौथ्याला निघालंच, "तुझ्या आईची भाकरी? साखरपुड्याला खाल्ली व्हती. दाढ अजून हलतीय."

श्रेयानं वही मिटली. "आजी हरली. माहेर काढलं."

"अगं, आधी तिनंच काढलं!"

"तिनं स्वतःचं काढलं. तुमच्या नियमात 'दुसऱ्याचं' आहे."

सूनबाईनं हळूच गॅस मोठा केला. कुकरनं शिट्टी मारली.

शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी चूल गेली. पाडताना संपतचेच डोळे भरले. मी म्हटलं, धूर न्हाई तरी रडतोस व्हय रे?

आता तिथं पिकअप असते. तिच्या मागं मी तीन दगड मांडलेत. रविवारी त्यांच्यावर भाकरी होते. पहिली भाकरी सूनबाई पदराआड नेते. मी बघते, बोलत नाही. काल संपत म्हणाला, "आये, डिझेलच्या टाकीजवळ इस्तू नको. चर्चा ठेवायची का?"

मी गुमान दगड उचलले आणि गोठ्यापलीकडं नेऊन मांडले. एवढ्याशा गोष्टीला चर्चा कशाला? लेकराचं ऐकावं माणसानं.