हंडा मोर्चाची ओळखपरेड

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वडजी नगरपरिषदेच्या सभागृहात, भिंतीवरच्या हंडा मोर्चाच्या चित्रातल्या बायकांसमोर त्यांच्या चित्रकाराची ओळखपरेड झाली. चित्रावर सही नव्हती, आणि नाव लागल्याशिवाय चित्र नव्या इमारतीत न्यायचं नाही, असा ठराव होता.

परेडला दोघंच उभे होते. माजी नगराध्यक्ष भास्करराव हिंगे आणि ड्रॉइंगच्या निवृत्त शिक्षिका कुंदा तारळेकर. हिंगेंनी जन्मात साधी रांगोळी काढली नव्हती. पण मोर्चा आपल्याविरुद्ध निघाला, तेव्हा चित्रही आपलंच, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते ऐकून घेणारे सभागृहात बरेच होते. कुंदाबाईंचा नवरा त्या वेळी नगरपरिषदेत नोकरीला, म्हणून त्यांनी सही केली नव्हती. डोळे मिटायच्या आत आपलं नाव आपल्या चित्राखाली बघायचं, एवढंच आता त्यांना हवं होतं.

"साक्षीदारांनी नीट पाहून सांगावं," मुख्याधिकारी देसले म्हणाले.

सगळ्यांत पुढची यमुनाबाई चित्रात अजून तिशीतच होती. तिने हिंगेंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा? हा तर आम्हाला बघून खिडकी लावून घेत होता."

"माझा आक्षेप आहे!" हिंगे म्हणाले. "ती रंगवलेली बाई आहे."

"तशी नोंद केली आहे," देसले म्हणाले.

यमुनाबाई कुंदाबाईंकडे वळली. "तुम्ही जरा दातात ब्रश धरा बघू."

ब्रश नव्हता. कुंदाबाईंनी पेन धरलं. अख्खा मोर्चा खदखदून हसला.

"हीच ती! काय गं, माझा डावा हात आखूड का काढलास?"

"तुम्ही एका जागी उभ्या कुठे राहत होतात?"

"मोर्चा होता तो, बये. फोटोला नव्हतो बसलो."

पंचनाम्यावर अंगठे उमटवायला बायकांनी हंडे खाली ठेवले. कुंदाबाईंनी चित्राच्या कोपऱ्यात ऐसपैस सही केली, मागे सरून ती पाहिली आणि हिंगेंच्याच खुर्चीवर बसून चहा मागवला. इतका गोड चहा त्या एरवी पीत नसत.

बायकांनी मात्र हंडे पुन्हा उचलले नाहीत. ज्यासाठी मोर्चा काढला, त्या खालच्या आळीच्या नळाचं काय झालं, असं यमुनाबाईने विचारलं. देसलेंनी प्रश्न पाणीपुरवठा विभागाकडे पाठवला, विभागाने तो हिंगेंकडे. त्याचं उत्तर अद्याप कोणीही दिलेलं नाही.