मारियेच्या खिडकीतले मांजर

रोक्कालूंगाच्या ओरेस्ते न्हाव्याने एका परदेशी गिऱ्हाइकाची दाढी करताना गावच्या चर्चमधल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या जगप्रसिद्ध चित्रातल्या मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, झगा हिरवा असल्याचे ठोकून दिले. गिऱ्हाईक नुकतेच ते चित्र बघून आले होते. फेस सांभाळत ते म्हणाले, "मला निळा दिसला."

ओरेस्तेचा जन्मच या गावातला. लाज वाटून त्याने दुपारी दुकान बंद केले, चर्चमध्ये जाऊन चित्रासमोर उभा राहिला आणि नीट बघून घेतले. झगा निळाच होता.

चूक एवढीच झाली, की चित्रातली मारिया गरोदर होती. गावात तिच्यापुढे मूल हवे असलेलेच जात; नुसते बघायला परदेशी लोक होते. फुलदाण्या पुसणाऱ्या झेलिंदामावशींनी ओरेस्तेला पाहिले आणि हातातले फडके तिथेच टाकून त्या बाहेर पडल्या.

वाटेत खाटकाने त्याच्या हातात कलेजीचा पुडा कोंबला. "पैसे राहू द्या. फोस्कावहिनींना द्या. या दिवसांत रक्त वाढलं पाहिजे."

"कोणत्या दिवसांत?"

"लाजताय काय, ओरेस्तेराव! आपल्या वयाची तुम्ही लाज राखलीत!"

घरी सासूबाई माळ्यावरचा पाळणा उतरवून आनंदाने रडत होत्या. जिन्यात अर्धे गाव. त्याची चोपन्न वर्षांची बायको फोस्का दारातच उभी.

"तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! मला न विचारता नवस करतोस?"

"नवस कसला? चित्र बघायला गेलो होतो!"

"चित्र बघायला कुणी चर्चमध्ये जातं का?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "थाप तरी बरी मारा, जावईबापू."

"शपथ! मारियेच्या मागं खिडकी आहे. खिडकीत मांजर बसलंय."

"मारियेजवळ मांजर! ऐकलंत?" फोस्का म्हणाली. "चल, दाखव. मांजर नसलं तर आजपासून दुकानातच झोपायचं."

मांजर आहे की नाही, हे जिन्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे अख्खा जिना चर्चकडे निघाला.

मांजर होते. करडे, जांभई देणारे. ओरेस्तेची छाती फुगली. फोस्काने खात्रीसाठी मांजरावर बोट ठेवले, तशी मांजराला सुरकुती पडली आणि चित्राचा खालचा कोपरा सुटून वर आला.

"फोटो आहे तो," फादर दानिलो पुढे येत म्हणाले. "मूळ चित्र दोन वर्षं झाली, सफाईसाठी फ्लॉरेन्सला गेलंय. मी प्रवचनात सांगितलं होतं."

"प्रवचनात सांगितल्यावर आम्हाला कसं कळणार?" खाटीक म्हणाला.

झेलिंदामावशी मटकन बाकावर बसल्या. "म्हणजे माझ्या भाचीनं गेल्या वर्षी नवस केला, तो या कागदाला? तिला तर जुळं झालं!"

लोक फोटोकडे नव्याने बघू लागले. फोस्काने बोट झटकन मागे घेतले, घागऱ्याला दोनदा पुसले आणि ओरेस्तेचा दंड धरून त्याला दाराकडे ओढले.

"अगं, मांजर होतं ना? आता तरी पटलं?"

"पटलं. पाय उचल लवकर. आणि मागं वळून बघू नकोस."