टेमगिऱ्यांची खानेसुमारी

टेमगिरे माणसाला ‘कसे आहात?’ असं विचारत नाहीत. ‘कुणाचे आहात?’ असं विचारतात.

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो, त्या दिवशी माझ्या डोक्यावर गादी होती. लिफ्टचं दार उघडलं, तर आत बुशशर्टच्या खिशाला दोन पेनं लावलेले एक गृहस्थ उभे. गादीखाली वाकून त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, “मूळ गाव?”

“बार्शीकडचं.”

“आईचं माहेर?”

माझा मजला येईपर्यंत ते माझ्या आजोळच्या ओसरीपर्यंत पोचले होते. मी बाहेर पडलो, तर त्यांनी पायाने दार अडवून धरलं. “थांबा सर, नातं निघतंय.” लिफ्ट केविलवाणी पिंपिं करत राहिली. नातं काही निघालं नाही, पण माझी मान मात्र आठवडाभर वाकडी राहिली.

चाकणच्या एका कंपनीत टेमगिऱ्यांनी सगळी नोकरी क्वालिटी खात्यात काढली. पार्ट केसभर इकडचा तिकडे असला तरी लाल शिक्का. कामगार त्यांना पाठीमागे ‘रिजेक्ट’ म्हणत, आणि आवाज असा ठेवत की त्यांना ऐकू जावं. निवृत्त झाल्यावर पार्ट संपले, मग ते माणसांकडे वळले.

“सर, साध्या नटाला बॅच नंबर असतो,” ते सांगतात. “कुठल्या भट्टीतलं लोखंड, कुठली शिफ्ट, मागे जाऊन सगळं सापडतं. आणि माणसाला विचारा, पणजोबांचं नाव काय? आ वासतो!”

वासलेला आ माझाही होता.

त्यासाठी ते मोडी शिकले. डबा घेऊन पुण्याला जुन्या दफ्तरात जाऊन बसू लागले. तिथे गावोगावच्या खानेसुमाऱ्या असतात, म्हणजे त्या काळची घरोघर जाऊन केलेली शिरगणती. घर कुणाचं, माणसं किती, बैल किती, म्हशी किती. टेमगिरे त्या मेलेल्या माणसांत इतके रमले की जिवंत माणसांना त्यांचा उपद्रव होऊ लागला. एकदा मी दुधाची पिशवी घेऊन येत होतो, तर जिन्यातच थांबवून म्हणाले, “तुमच्या खापरपणजोबांच्या दारात म्हशी होत्या सर. आणि तुम्ही हे पिता?”

नुसत्या म्हशींवर भागलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण सोसायटीच्या सभेत टँकरच्या पाण्यावरून आमचे साठीचे चेअरमन आणि तिशीतला सेक्रेटरी एकमेकांच्या अंगावर धावले, तेव्हा टेमगिरे हात वर करून उभे राहिले. दोघांच्या आज्यांपासून सुरुवात करून, मावळातली दोन गावं फिरून, त्यांनी सिद्ध केलं की सेक्रेटरी हा चेअरमनचा चुलता लागतो.

“तेव्हा चेअरमनसाहेब, वडीलधाऱ्यांशी जरा आवाज खाली.”

सभा हसली. सेक्रेटरीने चेअरमनच्या डोक्यावरून हात फिरवत “बस पुतण्या, खाली बस,” असं म्हटलं, आणि मग खुर्च्या उचलल्या गेल्या. टँकर राहिला बाजूला. टेमगिऱ्यांचं त्यावर म्हणणं असं की, घराण्यात भांडकुदळपणा जुनाच आहे, कागदाला धरून आहे.

पलीकडच्या विंगमध्ये एक लग्न जमत आलं होतं. साखरपुड्याचे पेढे खाऊन झाल्यावर टेमगिऱ्यांनी हात पुसले आणि मुलगी मुलाची लांबून मावशी लागते असं जाहीर केलं. पोरं शहाणी होती, त्यांनी लग्न केलंच. टेमगिऱ्यांना बोलावणं नव्हतं, तरी गेले. म्हणाले, “दोन्हीकडून नात्यात आहे. मला कसलं बोलावणं लागतं?”

मध्यंतरी जनगणनेच्या बाई आल्या. कुठल्याशा शाळेतल्या शिक्षिका, हातात मोबाइल, चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन. टेमगिऱ्यांनी त्यांना पाणी दिलं आणि मग मोबाइलमध्ये डोकं घालून विचारलं, “आजोबांचा रकाना कुठाय?”

“काका, तसा रकाना नसतो.”

“मग पुढे माझा पणतू मला शोधणार कशावरून? घरात गाडी कुठली होती त्यावरून?”

बाईंनी दुसऱ्या दिवशी आमची विंग सहकाऱ्याला देऊन टाकली.

पण कळस झाला तो चाकणजवळच्या एका गावात. तिथल्या एका घराण्याची शाखा जुळत नव्हती, म्हणून टेमगिरे मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. तीन मजली बंगला, पुढे दोन मोटारी, शेजारी कंपनीची भिंत. ओट्यावर म्हातारे पाटील बसले होते. टेमगिऱ्यांनी वंशावळ उलगडली. “तुमच्या पणजोबांना एक भाऊ होता. त्याचा वंश तुटलेला नाही.”

म्हाताऱ्याने तपकिरीची डबी बंद केली. “वकील संगं आनलाय व्हय?” असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं.

“छे छे, आम्ही नातं जोडायला आलोय.”

“त्येच म्हंतोय मी. लई जन आलं नातं जोडाय, कंपनीला जमीन गेल्यापास्नं. समद्यांचा पणजा येकच. न्हाई म्हनलं का कोर्टात.” मग घराकडे तोंड करून ओरडला, “ए, कुत्रं सोड रं!”

परतताना स्कूटर मी चालवली. मागे बसून टेमगिरे वंशावळीवर ‘स्वभाव संशयी’ अशी नोंद करत होते.

असा हा माणूस. त्यांना पाहून लोक जिना बदलत, मीसुद्धा बदलत असे. म्हणून एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले, तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्या पूर्वजांची माफी मागितली.

ते बसले नाहीत. हातातला कागद त्यांनी टीपॉयवर पसरला. “सर, नातं निघालं. तुमचं आणि आमच्या मंडळींचं. तुमच्या आजीची धाकटी बहीण, तिची मुलगी, आणि तिची मुलगी ही आमची सुमन. म्हणजे तुम्ही तिचे भाऊ. लांबचे, पण भाऊ.”

मी कागदाकडे पाहिलं. माझ्या आजीला बहीण नव्हती. ती एकुलती एक होती, आणि हे मला टेमगिऱ्यांनीच गेल्या वर्षी आजीच्या माहेरची जुनी नोंद दाखवून पटवलं होतं.

“टेमगिरे, पण आजीला तर...”

त्यांनी मान वर केली नाही. केसभर फरकावर लाल शिक्का मारणारा माणूस माझ्या टीपॉयच्या काचेवरचा चहाचा डाग नखाने खरवडत होता.

“ती आश्रमात वाढली, सर,” ते म्हणाले. “पायरीवर सापडलेलं मूल. नाव तिथल्याच बाईंनी ठेवलेलं. लग्न झालं तेव्हा आमच्या घरातल्या बायका विचारायच्या, माहेर कुठलं? ही दर वेळी वेगळं गाव सांगायची. मी म्हटलं, रिटायर झालो की शोधून काढीन. भेटेल त्याला विचारलं. अहो, कुणाचंही निघतं, हिचंच निघत नाही. निघायचं कुठून? त्या पायरीच्या मागे काही नोंदच नाही.”

मग म्हणाले, “आमच्या केतकीचं लग्न आलंय. तिला बोहल्यावर आणायला मामा लागतो.”

मी आत पाहिलं. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने डोळ्यांनीच मला काय ते सांगितलं.

“मामाला फेटा कुठल्या रंगाचा?” मी विचारलं.

चऱ्होलीच्या कार्यालयात लग्न झालं. भाचीचा हात धरून मी तिला अंतरपाटापाशी आणलं. हळूहळू चालायचं ठरलं होतं, पण माझेच पाय अडखळले आणि तिनेच मला सावरलं. टेमगिरे अक्षता वाटत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

जेवणाच्या पंगतीत सुमनवहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. नव्या शालूत अवघडलेल्या होत्या. बराच वेळ नुसताच भात कालवत राहिल्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “ह्यांनी मला सगळं सांगितलं. तुमची आजी माझ्या आजीची सख्खी बहीण. दिसायला कशा होत्या हो त्या?”

माझा घास हातातच राहिला. समोरच्या पंगतीत जिलबीचं ताट घेतलेले टेमगिरे जागच्या जागी उभे होते.

“ठेंगणी होती,” मी म्हणालो. “कपाळ मोठं. मीठ नेहमी कमी टाकायची आणि कबूल करायची नाही. रागावली की बोलायची नाही, भांडी आपटायची.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. “मीपण आपटते! ह्यांना विचारा. मला कळायचंच नाही, हे आलं कुठून माझ्यात.”

मग पान बाजूला सारून त्या माझ्याकडे वळून बसल्या.

“अजून सांगा ना.”

पंगत उठली, पोरांनी टेबलं पुसायला घेतली, तरी मी सांगत होतो.