मधला खांब

पथकातल्या मुलींना नाच शिकवायला जो हॉल मिळाला होता, त्याच्या बरोब्बर मधोमध एक खांब होता. तो तिथे का होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर बघावं, तर छताशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

"त्याला वळसा घालून नाचायचं," नाच शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ताई दिवसभर दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबराने आत सोडायच्या, त्यामुळे शिस्त त्यांच्या अंगातच होती. पण यंदा त्या मनातून घाबरल्या होत्या. हॉल देणाऱ्या मंडळाच्या सचिवांनी बजावलं होतं, "स्पर्धेत बक्षीस आलं तर ठीक, नाहीतर हॉल टेबल टेनिसच्या पोरांना."

मुली खांबाला सरावल्या. फेर धरताना कोपर आत घ्यायच्या, गिरकी घेताना वाकून निसटायच्या. सगळ्यांत धाकटीला 'पेन्सिल' म्हणत. कपाळावर टेंगूळ आल्यापासून ती जाता-येता खांबाला थोपटून त्याची समजूत काढायची.

स्पर्धेचं स्टेज मात्र चांगलं ऐसपैस आणि मोकळं होतं. ताईंना हायसं वाटलं. वाद्यं वाजू लागली, मुलींनी फेर धरला आणि ताईंनी कपाळावर हात मारला. मुली खांब चुकवत होत्या. कोपरं आत, माना खाली. पेन्सिलने तर हवेलाच थोपटलं.

"अगं, नाहीये तो इथे," ताई पडद्याआडून कळवळून म्हणाल्या. वाद्यांपुढे त्यांचं कोण ऐकतंय.

प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली. मागचे लोक उठून उभे राहिले.

"मधे काय आहे हो?"

"दिसत नाही नीट. पण उंच आहे."

नाच संपल्यावर परीक्षक बाई स्वतः स्टेजवर आल्या. "मला राहवत नाहीये. मधे कोण होतं?"

ताई लगबगीने पडद्याबाहेर आल्या. पेन्सिल म्हणाली, "आमचाच आहे तो. कधीचा एकटाच उभा असतो. कुणाच्या काही कामाचा नाही, म्हणून आम्ही त्याला मधे घेतो."

परीक्षक बाईंनी डोळे पुसले. पहिलं बक्षीस तिथेच ठरलं.

स्टेजच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या सचिवांची कळी खुलली. "ताई, हॉल तुमचाच. आणि तो मेला खांब उद्याच पाडून टाकतो," असं म्हणत ते ताईंकडे निघाले. मधोमध आल्यावर त्यांनी कोपर आत घेतलं, मान जराशी वाकवली आणि ते बाजूने वळून आले.

ताईंनी शांतपणे विचारलं, "कोणता? हॉलमधला की हा?"