पोटरी मोजणारे सकपाळ

१९८९ च्या मे महिन्यात, अंबरनाथ पूर्वेच्या एका लग्नात, बबन पवार जेवायला बसलेले असताना जनार्दन सकपाळ टेबलाखाली शिरले. त्यांनी पवारांच्या डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि शर्टाच्या खिशातून मोजपट्टी काढली. पवारांनी पाय झटकला. टेबल हललं आणि वरणाचं भांडं शेजारच्या पाहुण्यांच्या मांडीवर सांडलं. नवरीचे मामा धावत आले. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, "सकपाळ आहेत," असं मागच्यांना सांगितलं आणि ते परत गेले. त्यापलीकडे कोणी काही विचारलं नाही.

सकपाळ आमच्या वरच्या मजल्यावर राहत. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते चेकर होते. लोखंडाचा तयार भाग हातात घ्यायचा आणि गेजला लावायचा. गेजच्या एका तोंडात तो शिरला पाहिजे, दुसऱ्यात शिरता कामा नये. तसं झालं तर पास, नाहीतर रिजेक्ट. घासूनपुसून मापात येण्यासारखा असेल तर तिसऱ्या पेटीत, रिवर्क. हे काम त्यांनी एकवीस वर्षं केलं होतं आणि जगाकडेही ते याच तीन पेट्यांतून पाहत. भाजीवाल्याची वांगी रिजेक्ट होत. आमच्या थोरल्याचं अक्षर रिवर्कला होतं. वर्तमानपत्रातल्या माझ्या बातम्या ते रोज वाचत आणि जिन्यात भेटले की, "मापात आहे," एवढंच म्हणत. एकदा फोरमनने घाईत पाठवलेल्या मालावर त्यांनी सही नाकारली होती. दोन महिने त्यांना पॅकिंगला बसवलं. तिथे त्यांनी खोकी मोजून त्यातली निम्मी परत पाठवली, तेव्हा त्यांना मुकाट्याने जुन्या जागेवर आणलं गेलं.

कामावरून सुटल्यावर ते मुलांना पळायला शिकवत. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. त्यांच्या वस्तीतली, बदलापूरकडच्या पाड्यांतली आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतली मिळून वीसेक मुलं असायची. मुलगा किंवा मुलगी आली की सकपाळ तिला पळवायच्या आधी तिच्या आईवडिलांना बोलावत. टाचेपासून पोटरीचा गोळा सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर मोजत. गोळा जितका वर चढलेला, तितका पाय स्प्रिंगसारखा. दोघांपैकी एकाचं तरी माप नऊ इंच भरलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

"पळणारा तीन गोष्टींवर ठरतो," ते सांगत. "हाड, ताट आणि वाट. हाड आईबापाचं. ताट घरातलं. वाट म्हणजे मैदानापर्यंत पोचता येतं का. ताट मी बघीन, वाट मी काढीन. हाड कुठून आणू?"

विहारातल्या लोकांनी त्यांना यावरून बरंच छेडलं. एका रविवारी वंदना झाल्यावर बाहेर चपला घालताना त्यांच्या चुलत्यांनी विषय काढला. जन्मावरून माणूस ठरत नाही हे जगाला दाखवायला आपण छप्पन साली धर्म बदलला, आणि आमचा जनार्दन अजून लोकांच्या आईबापाच्या पोटऱ्या मोजतोय, असं ते चारचौघांत म्हणाले. लोक हसले.

सकपाळ हसले नाहीत. "जन्मावरून माणूस ठरत नाही, काका," ते म्हणाले. "चारशे मीटर ठरतात."

ताटाची व्यवस्था ते स्वतः करत. मुलांच्या घरी जेवणाच्या वेळी अचानक जाऊन ताटात काय आहे ते पाहत. अंडं दिसलं नाही तर आईला तिथेच सांगत. खिशात शेंगदाणे आणि गूळ असे, तो मोजून वाटत. वाटेचा प्रश्न अवघड होता. अधिकाऱ्यांच्या वसाहतीचं मैदान चांगलं होतं, पण त्याला फाटक होतं आणि फाटकाला वॉचमन होता. सकपाळांनी आठ महिने दर सोमवारी त्याच्याकडे लेखी अर्ज दिला. वॉचमनला वाचता येत नव्हतं. तो अर्ज घडी करून टोपीत ठेवी.

शेवटी सकपाळांनी कारखान्यातून पोलादी टेप मागून आणली आणि शिवमंदिराच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर चारशे मीटर आखले. चुन्याची रेघ बेलफुलांच्या टोपल्यांना वळसा घालून ओढ्यापर्यंत जात असे. सोमवारी दर्शनाला आलेली माणसं रेघेवर उभी राहत. सकपाळ हात जोडून त्यांना चार पावलं सरकायला सांगत. ओढ्याजवळ एका दूधवाल्याची म्हैस बांधलेली असे. तिने शेपटी हलवली की मूल बिचकत असे. मुलांच्या वेळांची वही होती, तिच्यात वेळेपुढे शेरा असे : 'म्हैस आडवी. दोन सेकंद वजा.'

त्यांच्या बिनपगारी उद्योगाला कारखान्यातले लोक हसत. एक जण कँटीनमध्ये त्यांच्या तोंडावर म्हणाला होता की, स्वतःचं प्रॉडक्शन शून्य आणि इन्स्पेक्शन साऱ्या गावाचं. सकपाळांना मूल नव्हतं. त्यांच्या पत्नी विमलवहिनींनी एकदा अनाथाश्रमातून मूल आणायचं मनात घेतलं होतं. त्या आमच्या हिच्याजवळ बोलल्या होत्या. सकपाळांनी नकार दिला. हाड कुणाचं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

रंजना पवार त्यांच्याकडे आली ती बारा वर्षांची असताना. बदलापूरहून रोज येई. तिचे वडील, म्हणजे लग्नातले हे बबन पवार, उल्हासनगरला एका शेठच्या कारखान्यात कपड्यांना इस्त्री करत. त्यांना सुट्टी मिळत नव्हती, म्हणून ते माप द्यायला आले नाहीत, आणि तिच्या आईलाही त्यांनी पाठवलं नाही. सकपाळांनी नियम मोडून मुलीला आधी पळवलं आणि घड्याळ दोनदा पाहिलं. मग तिची पोटरी मोजली. तेव्हाच आठ भरली. पंधराव्या वर्षी साडेनऊ झाली. वहीत तिच्या नावापुढे सगळे रकाने भरले होते. आईवडिलांच्या रकान्यात लिहिलेलं होतं : 'बाकी.'

सकपाळांच्या वहीत बाकी ही एवढीच होती. ती त्यांना सहन होईना. तीन वर्षं ते पवारांच्या पोटरीच्या मागे होते. कारखान्यावर गेले तर पवार इस्त्रीच्या टेबलामागून बाहेर येत नसत. शेठने विचारलं, तेव्हा सकपाळांनी सगळी थिअरी सांगितली. शेठ म्हणाला, "साईं, पोटरी छोड़ो, जूता देखो. मेरे लड़के का जूता बम्बई से आया है, फिर भी लास्ट आता है." सकपाळांनी शेठचीही पोटरी मोजली. सहा भरली. जोड्याचा दोष नाही, असं त्यांनी शेठला सांगितलं.

जिल्ह्यात रंजनाला एकच मुलगी भारी होती. ती एका मोठ्या अधिकाऱ्याची, रविवारी गाडीने मुंबईला जाऊन खऱ्या ट्रॅकवर सराव करणारी. सकपाळांनी तिला एकदा स्पर्धेत पाहिलं आणि लांबूनच अंदाज केला : ताट दहापैकी दहा, वाट दहापैकी दहा, हाड साधारण. हिला गाठायचं तर रंजनाकडे हाडच आहे, असं ते सगळ्या मुलांसमोर म्हणत. रंजना ते ऐके. घरी जाऊन ते जसंच्या तसं सांगे.

लग्नात वरण सांडलं त्या दिवशी पवारांनी सकपाळांना हात धुवायच्या पिंपामागे नेलं. मी दोन माणसं सोडून हात धुवायच्या रांगेत होतो. पवार हळू आवाजात बोलत होते, पण त्यांना थांबता येत नव्हतं.

"सकपाळभाऊ, माझी पोटरी बघून काही मिळायचं नाही. बदलापूरच्या पुढे खाणीवर एक बाई होती. बाळंतपणात गेली. नवरा आधीच निघून गेला होता. पोर आम्ही उचलून आणलं, तेव्हा एवढंसं होतं." त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. "तिला माहीत नाही. दहावी झाल्यावर सांगू म्हटलंय. पण तुमच्याकडे आल्यापासून ती रोज म्हणते, हाड आईबापाचं येतं. तुमची पट्टी माझ्या पायाला लागली की तिला त्या दिवशीच कळेल."

सकपाळांनी मोजपट्टी गुंडाळली. ती नीट गुंडाळायला त्यांना दोनदा सोडावी लागली. जिलेबी न घेता ते घरी गेले.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. विमलवहिनींनी त्या वेळी फक्त एक वाक्य म्हटलं, ते त्यांनी पुढे आमच्या हिला सांगितलं. "पवारांनी उचलताना पट्टी लावली नव्हती." मग त्या कणीक मळायला गेल्या.

त्यानंतर सकपाळांनी पवारांचा पाठलाग सोडला. एवढंच नाही, तर सरावात हाडाचं नाव काढणंही सोडलं. ते फक्त ताट आणि वाट म्हणू लागले. नव्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी बोलावलं नाही. मुलांच्या हे लगेच लक्षात आलं. तीन वर्षं जी गोष्ट रोज ऐकली, ती अचानक बंद का झाली, हे सर सांगेनात. वही मुलंच लिहीत असत, त्यामुळे बाकी कुणाची आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याची निवड चाचणी ठरली. पहिल्या दोघींना पुढे नेणार होते. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सकपाळ ओढ्याजवळ छातीवर लावायचे नंबर वाटत होते. स्पर्धेची बातमी द्यायची म्हणून मीही तिथे होतो. पवार मुलीला न्यायला कामावरून थेट आले होते. रंजनाने नंबर घेतला नाही.

"सर, काल मी आईचं मोजलं. ती भांडी घासत होती तेव्हा. सव्वासहा भरलं."

सकपाळ हातातले नंबर पुन्हा क्रमाने लावू लागले.

"माझं साडेनऊ आहे. आईचं नाही, म्हणजे बाबांचं नऊ असणार. तुम्हीच सांगता ना, दोघांपैकी एकाचं तरी असतं म्हणून?" ती थांबली. "ती बाकी भरा. मग मी नंबर लावते. नाहीतर मी उद्या पळत नाही."

पट्टी घरी राहिली, असं सकपाळ म्हणाले. ती त्यांच्या खिशातून दोन बोटं बाहेर आलेली होती. एका लहान मुलीने ती दाखवलीही. सकपाळांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले की, चाचणी झाल्यावर बघू, आता उजेड कमी आहे. उजेड भरपूर होता. चार वर्षांत सकपाळांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहत होतो आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं.

पवार पुढे आले. ओढ्याच्या मोरीच्या कठड्यावर त्यांनी डावा पाय ठेवला आणि पँट स्वतः गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

"घ्या मोजून," ते म्हणाले.

मोजण्याची पद्धत ठरलेली होती. पट्टीचं शून्याचं टोक सकपाळ टाचेला धरत. वरचा भाग मुलाने पोटरीच्या गोळ्याशी धरायचा, अंगठा जिथे येईल तो आकडा मोठ्याने वाचायचा आणि सकपाळांनी तो तपासायचा. रंजनाने वरचा भाग धरला. सकपाळ खाली बसले. पवारांचा पाय दिवसभर उभं राहून सुजलेला होता. गोळा खालीच होता. रंजनाचा अंगठा पावणेसातवर आला. मी दोन पावलांवर उभा होतो, तिथून आकडा दिसत होता.

रंजनाने तोंड उघडण्याआधीच सकपाळ खालून म्हणाले, "नऊ."



"नऊ," ते पुन्हा म्हणाले. "पास. लिहून घे."

रंजना अंगठ्याकडे पाहत राहिली. आकडे वाचायला तिला सकपाळांनीच शिकवलं होतं, पाव इंचापर्यंत. मग तिने वडिलांकडे पाहिलं. पवार समोर, ओढ्याच्या पलीकडे बघत होते. तिने पट्टी सोडली आणि त्यांची पँट हाताने खाली ओढून सारखी केली.

वही तिच्याच पिशवीत होती. तिने ती गुडघ्यावर धरून 'बाकी' हा शब्द खोडला आणि त्यापुढे लिहिलं : 'वडील – ९ इंच.' वही तिने सकपाळांकडे दिली. सकपाळांनी तपासनिसाच्या रकान्यात सही केली. मग तिने नंबर घेतला.

दुसऱ्या दिवशी चारशे मीटरमध्ये अधिकाऱ्याची मुलगी पहिली आली. तिच्या पायात स्पाइक्स होते. रंजना कॅनव्हासच्या बुटांत पळाली आणि दुसरी आली. दोघींची निवड झाली. निवडपत्रावर 'वडिलांचे नाव' या ओळीत रंजनाने स्वतःच्या हाताने बबन पवार लिहिलं आणि पालकाच्या सहीसाठी कागद त्यांच्यापुढे धरला. पवारांनी सही केली.